बेडरूमच्या भिंतीवरचे पाइप झाकताय? या चुका टाळा

जुन्या इमारतीत भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला की प्लंबर सहसा भिंत फोडत नाही, नवी सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकची) लाइन बाहेरूनच फिरवतो. गळती थांबते, पण बेडरूममध्ये छताखालून दोन पाइप कायमचे दिसत राहतात. आमच्याकडे असंच झालं आणि आम्ही घाईने प्लायची पेटी ठोकून घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात पेटीचा तळ फुगला. एक एल्बो (पाइपाच्या वळणावरचा जोड) थेंब थेंब गळत होता, आणि तो शोधायला अख्खी पेटी तोडावी लागली.

म्हणून पहिली गोष्ट: पेटी उघडता आलीच पाहिजे. फळी खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने बसवा. जिथे जोड किंवा व्हॉल्व्ह आहे तिथे छोटं दार ठेवा. बंद करण्याआधी लाइन पूर्ण दाबाने भरून प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा आणि 24 तास तसाच राहू द्या. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो.

पाइप गॅसचा असेल तर मात्र त्याला हातच लावू नका. बंद पेटीत गळलेला गॅस साचतो आणि वासही वेळेवर येत नाही. तो पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीलाच बोलवा, सुताराला नाही.

गीझरच्या लाइनबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. सीपीव्हीसी गरम झाला की लांबतो: तीन मीटरचा पाइप 30 अंशांनी तापला तर साधारण 6 मिलिमीटर. तो पीओपीत गच्च बसवला किंवा क्लॅम्प आवळून टाकले तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. मग पहाटे गरम पाणी सोडलं की उशाशी टिकटिक ऐकू येते आणि काही महिन्यांत पीओपीला केसासारखी चीर पडते. क्लॅम्प पाइपला सरकू देणारे हवेत आणि वळणाजवळ बोटभर मोकळी जागा हवी. एवढं केलं की आवाज बहुतेक वेळा थांबतो.

एसीच्या पाइपांचं दुखणं वेगळं. तांब्याच्या थंड पाइपावरचं काळं आवरण कुठे फाटलं असेल तर दमट हवेत तिथे पाणी धरतं, आणि पेटीच्या आत भिंत ओली होत राहते. झाकण्याआधी आवरणाचा प्रत्येक सांधा टेपने बंद करा. ड्रेनचा पाइप पेटीत सरळ दिसावा म्हणून आडवा सपाट बसवू नका. त्याला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार लागतो, नाहीतर पाणी मागे फिरून पलंगावर टपकतं.

भिंत फोडून पाइप आत घ्यायचा मोह अनेकांना होतो. चार इंची भिंतीत लांब आडवी खाच मारणं म्हणजे भिंत कमकुवत करणं. आरसीसी कॉलम आणि बीमला तर छिन्नी लागताच कामा नये. जीआय पाइप पीओपीत पुरला तर ओल लागताच लवकर गंजतो.

पेटीसाठी साधं प्लाय टाळा. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा) किंवा पीव्हीसी बोर्ड ओलीने फुगत नाही, त्याला वाळवीही लागत नाही. खर्च थोडा जास्त आहे, पण मी पुन्हा प्लाय घेणार नाही.

खरं तर दोनच बारीक पाइप असतील तर पेटी न करता त्यांना भिंतीचाच रंग द्यावा. सीपीव्हीसीला पाण्यावर आधारित रंगच द्या, कारण ऑइल पेंटमधल्या द्रावकांनी पाइपाला इजा होऊ शकते. जीआयवर योग्य प्रायमर नसेल तर ऑइल पेंटचे पोपडे निघतात.

पेटी आधीच झालेली आहे आणि डाग दिसतोय? एसी दोन दिवस बंद ठेवा. डाग सुकू लागला तर दोष आवरणात किंवा ड्रेनमध्ये आहे. तसाच राहिला तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद करून बघा. त्याने सुकला तर पाण्याची लाइन गळतेय. दोन्हींनी फरक पडला नाही तर वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा बाहेरची भिंत तपासायला सोसायटीला सांगा.

पेटी बंद करण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा आणि त्याची प्रत पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे कोणी फोटोफ्रेमसाठी ड्रिल लावेल, तेव्हा पाइप कुठून जातो ते त्याला कळेल.