हॅचरीतून सुटलेल्या ट्राउटला गरवताना

वाशिष्ठीच्या खाडीत आबांबरोबर गरवत मी मोठी झाले, त्यामुळे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये मोठ्या तोऱ्यात पॅपायनी तळ्यावर गेले. म्युनिसिपालिटीच्या कचेरीजवळचं हे छोटंसं तळं, त्यात राज्य सरकार ट्राउट हा गार, गोड्या पाण्यातला मासा सोडतं. माझ्याकडे जाड दोरी, तांबोशीला लावतात तसला दांडगा गळ आणि सोललेली कोळंबी. तीन तासांत काठी हललीसुद्धा नाही. शेजारी आमच्याच इमारतीतला दहा वर्षांचा तेलुगू मुलगा पिवळ्या पिठाच्या गोळीवर चार मासे काढून मोकळा. शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "आंटी, तुमची दोरी त्यांना दिसते."

त्या पोराने सांगितलं ते खरंच होतं. पण मासे त्याच्या पिठाच्या गोळीवरच का आले, हे मला पुढे पेक्वेस्टची हॅचरी, म्हणजे मासे उबवून वाढवण्याचं केंद्र, पाहिल्यावर कळलं. न्यू जर्सीत सोडला जाणारा रेनबो ट्राउट वॉरन काउंटीतल्या या हॅचरीत वाढतो. लांब सिमेंटच्या टाक्या, जमिनीखालून उपसलेलं गार पाणी आणि दीडेक वर्ष वरून पडणारं गोळीखाद्य. साधारण साडेदहा इंचांचा झाला की टँकरमध्ये बसून बाहेर. एका वसंतात असे पाच लाखांहून अधिक मासे राज्यभर सोडतात. म्हणजे तुमच्यासमोरचा मासा हा वसतिगृहातून नुकतं सुटलेलं पोर आहे. घंटा वाजली की जेवण, एवढंच त्याला ठाऊक. पहिला आठवडाभर तो तसाच वागतो, मग हळूहळू शहाणा होतो. म्हणून मी निघण्याआधी सोडण्याचं वेळापत्रक उघडते आणि मासे सोडून किती दिवस झाले ते मोजते. गळाला काय लावायचं ते त्यावर ठरतं.

सामान हलकं हवं. साडेपाच-सहा फुटांची लवचीक काठी, लहान रीळ, चार पौंडी दोरी, म्हणजे चार पौंडांची ओढ सोसणारी. गळ दहा किंवा बारा नंबरचा. या नंबरांत आकडा वाढला की गळ लहान होतो, दुकानात घोटाळा करू नका. आमची कोकणातली सवय जाड दोरीची, पण खाडीचं गढूळ पाणी वेगळं आणि एप्रिलमधलं हे काचेसारखं पाणी वेगळं.

नुकत्याच सोडलेल्या माशाला पॉवरबेट नावाचं तयार पीठ चालतं. गळ झाकेल एवढीच, वाटाण्याएवढी गोळी करा. हे पीठ तरंगतं, आणि तीच त्याची खुबी. दोरीत आधी भोकाचं सरकतं शिसं ओवायचं, खाली फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी छोटी धातूची कडी) बांधायची, फिरकीपासून दीड-दोन फूट दोरी आणि टोकाला गळ. शिसं तळाशी बसतं, गोळी वर उचलली जाते, बरोबर फिरणाऱ्या माशाच्या तोंडासमोर. मासा ओढतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. तळ्यात फार लांब फेकू नका. एप्रिलमध्ये पाणी गारच असतं, मासे काठाजवळ घोळक्याने फिरतात. एक लागला की त्याच जागी पुन्हा टाका.

वाहत्या पाण्याचं तंत्र निराळं आणि मला जास्त आवडणारं. मस्कोनेटकाँग नदीवर किंवा रॅरिटन नदीच्या दक्षिण फाट्यावर टँकर पुलाशी थांबतो, कारण रस्ता तिथवरच जातो. पहिले काही दिवस मासे पुलाच्या खालच्या अंगाला, पहिल्या खोल डोहात कोंडाळं करून असतात. गर्दीही तिथेच! एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी सकाळी आठला हंगाम उघडतो तेव्हा खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात आणि दोऱ्यांचा शेवयांसारखा गुंता होतो. मी त्या दिवशी डबा घेऊन जाते आणि गंमत बघते. गरवायला जाते मधल्या वारी, संध्याकाळी, पुलापासून पाच-दहा मिनिटं खाली चालत. मोठ्या धोंड्याच्या मागे, किंवा जोरात आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेवर, ट्राउट उभा असतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकं टाका, गांडुळाचा तुकडा आणि वर एखादाच शिशाचा मणी. आमिष पाण्याच्या चालीने वाहत आलं पाहिजे. दोरीने ओढलं गेलेलं आमिष दोन आठवडे नदीत काढलेला मासा बघतही नाही. तोवर तो किडे खायला शिकलेला असतो, पिठाच्या गोळीची जादू ओसरते. तेव्हा गांडूळ किंवा लहानशी फिरणारी धातूची चकती (स्पिनर) कामाला येते. चकती जितकी हळू फिरवता येईल तितकी हळू.

मे संपताना पाणी वीस अंश सेल्सियसपलीकडे गेलं की मी थांबते. गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झुंज देऊन दमलेला मासा सोडला तरी बहुधा मरतो.

नियम थोडक्यात. सोळा ते एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला परवाना लागतो, त्यावर ट्राउटचा वेगळा शिक्का. हंगाम उघडल्यापासून 31 मेपर्यंत दिवसाला सहा मासे, नंतर चार, नऊ इंचांखालचा परत. काही नद्यांवर मासे सोडण्याच्या दिवशी पहाटे पाच ते संध्याकाळी पाच बंदी असते. केन लॉकवुड घळीसारख्या ठिकाणी पीठ-गांडूळ चालतच नाही, म्हणून काठावरची पाटी वाचा. नियम दरवर्षी थोडे बदलतात. आणि पाठीवर किड्यांच्या वाटांसारखी नक्षी, परांना पांढरी कड असा मासा आला तर तो ब्रूक ट्राउट, इथला मूळचा आणि राज्याचा मासा. हात ओले करून अलगद सोडा. राज्याच्या वायव्येकडच्या भागात तर तो सोडणं बंधनकारकच आहे. कुठलाही मासा सोडायचा असेल आणि गळ घशात गेला असेल तर उपटू नका, दोरी कापा.

घरी नेणार असाल तर बर्फाची पेटी हवीच. खवले इतके बारीक की खवलायची गरज नाही. पोट चिरून कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने पूर्ण खरवडा, नाहीतर चिखलासारखा वास राहतो. हॅचरीतला मासा तसा मवाळ चवीचा, बांगड्याची सर त्याला नाही, हे आधीच सांगते. आगळ, मीठ, तिखट आणि भरपूर लसूण लावून अर्धा तास ठेवा, मग रव्यात घोळवून मंद आचेवर तळा. डोकी मात्र टाकू नका, ठेचलेल्या तिरफळांबरोबर ती सारात घाला.