छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेण्याआधी पिना मोजा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे सेन्सर वाचणारी, उपकरणं चालवणारी छोटी संगणक-चिप. तिचा क्लॉक (वेग) किती मेगाहर्ट्झचा, हे सुरुवातीला बघूच नका. आधी लागणाऱ्या पिना (बोर्डावर तारा जोडायच्या जागा) कागदावर लिहा. समजा ओलावा मोजून पंप चालवायचा आहे. ओएलईडी डिस्प्ले आणि बीएमई२८० हा हवेचं तापमान-आर्द्रता मोजणारा सेन्सर दोन्ही आयटूसीवर (अनेक उपकरणं त्याच दोन तारांवर जोडायची पद्धत), म्हणून दोघांत मिळून २ पिना. बटणं २, रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) १, ओलाव्याच्या सेन्सरला ॲनालॉग १. झाल्या ६; पुढच्या बदलांसाठी २ जास्त धरा.

एकूण ८ लागतात; तेवढ्या पिना नसलेली एटीटायनी८५ ही छोटी चिप इथेच बाद होते. झियाओ ईएसपी३२-सी३ या वायफायच्या बोर्डावर ११ पिना आहेत, पण त्यातल्या जीपीआयओ (चिपच्या पिनांचे क्रमांक) २, ८ आणि ९ चिप सुरू होताना वाचते. ९ वरचं बटण दाबलेलं असताना वीज दिली, तर बोर्ड डाउनलोड मोडमध्ये (नव्या प्रोग्रामची वाट बघत) जातो आणि तुमचा प्रोग्राम चालतच नाही. त्या ३ सोडल्या की उरतात बरोबर ८.

मग रॅम. १२८×६४ च्या ओएलईडीला नेहमीच्या लायब्ररीत १०२४ बाइटचा बफर (चित्र साठवायची रॅममधली जागा) लागतो. आर्डुइनो नॅनो बोर्डाची सगळी रॅम २०४८ बाइट. हा बफर प्रोग्राम चालू झाल्यावर घेतला जातो, त्यामुळे कंपायलर तो मोजत नाही. उरलेली रॅम कमी पडली, तरी कोड बिनतक्रार अपलोड होतो आणि स्क्रीन मात्र काळी. वायफाय नको असेल तर २६४ केबी रॅमचा रास्पबेरी पाय पिको बोर्ड घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष केलं तर बोर्ड जळू शकतो. नॅनो ५ व्होल्टचा. पिको आणि ईएसपी३२-सी३ च्या पिना ३.३ च्या. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते: एको आणि बोर्डाच्या पिनमध्ये १ किलोओहमचा, बोर्डाच्या त्या पिनपासून ग्राउंडला २ किलोओहमचा रेझिस्टर लावा. उलट डब्ल्यूएस२८१२ या रंगीत एलईडी पट्टीला ५ व्होल्टवर किमान ३.५ व्होल्टचा डेटा सिग्नल हवा, म्हणून ३.३ वर ती कधी चालते, कधी भलतेच रंग दाखवते. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप घाला.

वायफाय सुरू होताच बोर्ड रीसेट होत असेल तर कोड तपासण्याआधी वीजपुरवठा बघा. सिग्नल पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो. केबल जाड आणि आखूड घ्या, पुरवठ्याच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

बॅटरीवर नॅनो नकोच. चिप झोपली तरी पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर वीज खात राहतात. सतत १० मिलिअँपिअर गेले तरी १००० एमएएचची बॅटरी १०० तासांत संपते.

नवा बोर्ड संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदला, कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पोर्ट दिसतो पण नॅनोवर अपलोड होत नाही, तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या मेनूत 'ओल्ड बूटलोडर' निवडा.