एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) कारखान्याच्या खटल्यात शिक्षा लागल्यावर: अपिलाची तयारी

निकालपत्राची प्रत आरोपीला कोर्टातच फुकट मिळते. तेवढी घेऊन घरी जाऊ नका. त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका, आणि त्यात निकालपत्राबरोबर सगळ्या साक्षी व सगळ्या निशाण्यांच्या (पुरावा म्हणून दाखल झालेल्या, क्रमांक पडलेल्या कागदांच्या) सही-शिक्क्याच्या नकला मागा. नागपुरात जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टाचं खंडपीठ दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच आहेत, पण खटल्याचं रेकॉर्ड मागवल्यावर सावकाश पोचतं. शिक्षा स्थगितीचा (अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन मागण्याचा) अर्ज बहुतेकदा त्याआधीच बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर येतो. त्या दिवशी वकिलाच्या हातात निशाण्या नसतील तर तो बोलणार कशावर?

हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस. नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण नक्कल तयार होईपर्यंतचेच. नकलेवर अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी अशा तारखा असतात. तयार होऊन पडून राहिलेले दिवस तुमच्या मुदतीतून जातात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज, दर दिवसाच्या कारणासकट.

वकालतनाम्यावर कारागृहात सही आणि तुरुंग अधिकाऱ्याचं साक्षांकन. जास्तीच्या प्रती न्या, वर्धा रोडच्या कारागृहात पुन्हा खेप नको. पैसे नसतील तर कैद्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे जा.

अपील बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४१५ खाली, स्थगिती ४३० खाली. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात मात्र एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थ कायद्याचं, कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, हे कोर्टाला पटावं लागतं. 'घरी म्हातारे आईवडील आहेत' याने ते पटत नाही, निशाण्यांनी पटतं.

कोणत्या निशाण्या? छाप्याआधी लिहून घेतलेली खबर आणि ती ७२ तासांत वरिष्ठांकडे गेल्याची नोंद, रात्रीचा छापा असेल तर वॉरंट नसण्याची लेखी कारणं, पंचनामा, सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट, नमुना पाठवल्याचं पत्र, आणि मुद्देमाल रजिस्टरचा उतारा. हा उतारा हमखास राहतो, कारण मूळ रजिस्टर पोलीस ठाण्यात असतं आणि उतारा एखाद्या हवालदाराच्या साक्षीत दाखल झालेला असतो. मालखान्यात (जप्त माल ठेवायच्या खोलीत) नमुन्याचं पाकीट कधी आलं, कधी बाहेर पडलं, सील कोणाचं, वजन किती, हे पंचनाम्याशी आणि सीए रिपोर्टशी ओळीनं ताडून बघा. निकालपत्रात 'सील शाबूत होतं' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून उतारा. निशाणी क्रमांकासह मागा.

कारखान्याच्या केसमध्ये कोणत्या ड्रममध्ये काय निघालं ते डब्यागणिक बघा. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, किमान दहा वर्षं. नुसती कच्ची रसायनं सापडली असतील तर ती अधिसूचित नियंत्रित पदार्थ (सरकारने यादीत घातलेली रसायनं) आहेत का, म्हणजे कलम २५अ लागतं का, ते तपासा; कलम २८ खालचा प्रयत्नाचा आरोप तरीही उरू शकतो. मिश्रणातलं शुद्ध औषध किती, हा मुद्दा २०२० च्या हीरा सिंग निकालाने संपवलाय, त्यात पानं घालवू नका. तक्रारदारच तपास अधिकारी होता, एवढ्यावरही आता सुटका नाही. कलम ५० अंगझडतीपुरतं, शेडच्या झडतीला नाही. कलम ५२अ (जप्त मालाची यादी व नमुने मॅजिस्ट्रेटसमोर) पाळलं नाही म्हणून आपोआप कोणी सुटत नाही, हे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

मजूर म्हणून कामाला असलेल्याचा मुद्दा वेगळा. जागा कोणाच्या नावे, चावी कोणाकडे, पगार कोण द्यायचं, हे उलटतपासणीत आलं असेल तर त्या ओळी काढून ठेवा. कलम ३५ चं गृहीतक (आरोपीचा हेतू गुन्हेगारी होता असं धरून चालणं) आरोपीवर उलटतं, पण पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात. केस एनसीबी किंवा डीआरआय या केंद्रीय यंत्रणांची असेल तर शिक्षा कलम ६७ खाली अधिकाऱ्याने घेतलेल्या जबाबावर उभी आहे का ते बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या तोफान सिंग निकालानंतर तो कबुलीजबाब चालत नाही.

दंड किमान एक लाख. त्याची स्थगिती अर्जात वेगळी मागा.

पुढे पेपरबुक (अपिलासाठी बांधलेला सगळ्या कागदांचा संच), मराठी कागदांचं भाषांतर, सुनावणी. स्थगिती मिळाली तर जामीनदाराचे कागद तयार ठेवा. आणि नक्कल अर्जाची पावती जपून ठेवा, निशाण्यांच्या अर्जाचीसुद्धा.