पंख्याचा वेग लिनक्समध्ये दाखवायचाय? ड्रायव्हर लिहायला घेण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे आपल्या चिपचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे का ते बघणं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर पंख्याचा वेग मोजते ती बहुधा सुपर आय/ओ चिप, आणि ती बऱ्याचदा नुव्होटॉनची किंवा आयटीईची असते. टॉर्च घेऊन चिपवर छापलेला नंबर वाचा, सेन्सर चिपा शोधणारी 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही कमांड चालवा आणि मग कर्नलच्या सोर्समधलं 'ड्रायव्हर्स/एचडब्ल्यूमॉन' (हार्डवेअर मॉनिटरिंगचं) फोल्डर धुंडाळा. नुव्होटॉनच्या बऱ्याच चिपा 'एनसीटी६७७५' हा एकच ड्रायव्हर सांभाळतो. तुमची चिप त्यात बसवता येत असेल तर नवा ड्रायव्हर लिहूच नका. ड्रायव्हर असूनही लोड होत नसेल तर 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्टची, म्हणजे फर्मवेअरने तेच पोर्ट आधी राखून ठेवल्याची, ओळ आहे का पाहा. त्यावर बूट करताना 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' हा पर्याय देण्याचा उतारा सर्रास सुचवला जातो. पण त्याने फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकाच वेळी त्याच पोर्टना हात लावू शकतात, म्हणून तो चाचणीच्या मशीनपुरताच ठेवा.

मग डेटाशीट, म्हणजे चिपचं तांत्रिक माहितीपत्रक. ती मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण रजिस्टरमधला (चिपच्या आतल्या छोट्याशा मेमरीतला) आकडा म्हणजे वेग नव्हे. पीसीचा पंखा साधारणपणे एका फेऱ्यात दोन पल्स देतो आणि चिप त्या वेळात स्वतःच्या घड्याळाचे ठोके मोजते. त्यामुळे पंखा जितका सावकाश, तितका आकडा मोठा. जुन्या ८ बिटी चिपांमध्ये सूत्र असं असतं: १३,५०,००० भागिले (रजिस्टरचा आकडा गुणिले डिव्हायडर). डिव्हायडर म्हणजे मोजणीचा आकडा लहान करणारा भाजक. ते कागदावर सोडवून बघाच. मिनिटाला १००० फेरे घेणारा पंखा आणि डिव्हायडर २ धरला, तर आकडा येतो ६७५. तो ८ बिटांत मावत नाही, रजिस्टर २५५ वर अडकतं आणि व्यवस्थित फिरणारा पंखा बंद दिसतो. या डिव्हायडरवर साधारण २६५७ च्या खालचं काही दिसतच नाही. डिव्हायडर ८ केला की ६६४ पर्यंत उतरता येतं, पण १००० च्या आसपास प्रत्येक पायरी सहाएक फेऱ्यांची होते. डिव्हायडर कोण बदलणार, बायॉस की ड्रायव्हर, हे आत्ताच ठरवा.

नव्या चिपांत आकडा बऱ्याचदा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. दोन्ही वाचण्याच्या मध्ये वेग बदलला तर भलताच आकडा जुळून येतो. आधी कुठलं रजिस्टर वाचायचं हे डेटाशीटमधून टिपून घ्या, आणि दोन्ही वाचनं एकाच लॉकखाली ठेवा, म्हणजे मध्येच दुसरा कोड चिपला हात लावणार नाही.

शून्याबाबत तर अजिबात तडजोड नको. ड्रायव्हरने दाखवलेलं शून्य म्हणजे पंखा थांबलाय, एवढाच त्याचा अर्थ. चिप वाचताच आली नाही तर एरर कोड परत करा. शून्य नको आणि मागचा आकडा तर नकोच. पंख्यांचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या स्क्रिप्ट याच आकड्यावर विसंबतात. चिपला पंख्याचा बिघाड वेगळा कळत असेल तर तो 'फॅन१_फॉल्ट' या फाइलमधून दाखवा. बोर्डावर जे कनेक्टरच नाहीत, त्यांच्या फाइली 'इज_व्हिजिबल' या फंक्शनमध्ये लपवा.

नावं ठरलेली आहेत, त्यात कल्पकता दाखवू नका. वेग 'फॅन१_इनपुट' या फाइलमध्ये, थेट आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे). पंख्यांची मोजणी १ पासून होते, व्होल्टेजची ० पासून. ड्रायव्हरच्या नावात हायफन किंवा स्पेस चालत नाही. नोंदणीसाठी 'डेव्हएम_एचडब्ल्यूमॉन_डिव्हाइस_रजिस्टर_विथ_इन्फो' हे फंक्शन वापरा, म्हणजे सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती जिथे दाखवतो त्या) फाइली हाताने बांधाव्या लागत नाहीत. 'एचडब्ल्यूमॉन२' या फोल्डरच्या नावातला २ पुढच्या बूटला बदलू शकतो, त्यामुळे चाचणीची स्क्रिप्ट 'नेम' फाइल वाचूनच चिप शोधू दे. सुरुवातीला फक्त वाचन द्या, परवानगी ०४४४. पीडब्ल्यूएम लिहिण्याची, म्हणजे पंख्याचा वेग बदलण्याची, सोय आकडे पक्के झाल्यावर.

टेबलावर एक तीन पिनांचा आणि एक चार पिनांचा पंखा ठेवा. पात्यावर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने वेग मोजायचा आणि ड्रायव्हरच्या आकड्याशी ताडायचा. बरोबर दुप्पट किंवा निम्मा फरक दिसला तर आधी एका फेऱ्यातल्या पल्स तपासा. पंख्याची वायर काढून बघा, मशीन सस्पेंड करून उठवा, आणि डिव्हायडर जागेवर आहे ना ते पुन्हा वाचा. केकॉन्फिगची (कर्नल बांधतानाच्या पर्यायांची) नोंद आणि 'डॉक्युमेंटेशन/एचडब्ल्यूमॉन'मधली फाइल कोडसोबतच लिहायला घ्या. पॅच पाठवण्याआधी 'चेकपॅच' ही तपासणीची स्क्रिप्ट '--स्ट्रिक्ट' लावून चालवून घ्या.