खान्देशात समुद्र नाही, तरी विमान गंजतं कसं? हँगरमधल्या या चुका टाळा

"आठे काय समुंदर शे का भाऊ?" धुळे, शिरपूर, जळगावकडे हँगरमध्ये कोरोजनचा, म्हणजे गंजाचा, विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. समुद्र नाही हे खरं, पण म्हणून गंज नाही असं होत नाही. गंजायला समुद्र लागत नाही; धातू, ओल आणि त्या ओलीत विरघळलेला थोडा क्षार एवढं पुरतं. मे महिन्यातल्या कोरड्या पंचेचाळीस अंशांत गंजाची गती मंदावते हे मान्य. पण त्याच उन्हात रंगाला बारीक भेगा पडतात, सीलंट कडक होऊन कडेनं सुटतं आणि जूनमध्ये पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि पहाटे दव, त्यामुळे पंखाच्या पोकळीत आतल्या बाजूनं पाणी धरतं. शिवाय आपल्याकडची बरीच ट्रेनर विमानं आधी कुठेतरी दुसरीकडे उडलेली असतात. त्यातली काही वर्षं किनारपट्टीवर गेली असतील, तर तिथलं मीठ सांध्यांत घेऊनच विमान इथे येतं. जुनं लॉगबुक त्या नजरेनं वाचा.

लाल दिसत नाही म्हणजे गंज नाही, ही समजूत

विमानाची स्किन, म्हणजे बाहेरचा पत्रा, बहुधा 2024 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची असते. तो लोखंडासारखा लाल होत नाही. पांढरी-करडी पावडर दिसते, तीही चिमूटभर. ती पुसली की खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असतो. हे पिटिंग. खड्डा तोंडाशी लहान आणि आत खोल असतो, म्हणून डोळ्यांनी अंदाज चुकतो. दहापट भिंगाखाली बघा.

रंगाखाली वाळवीनं माग काढल्यासारख्या नागमोडी रेषा उठल्या असतील तर ते फिलिफॉर्म. रंगवण्याआधी पृष्ठभाग नीट तयार झाला नव्हता, असा त्याचा अर्थ. रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेनं काळा ओघळ दिसला तर तो तेलाचा समजून पुसून मोकळे होऊ नका. रिव्हेट सैल होऊन घासतोय का ते बघा, ते फ्रेटिंग, म्हणजे घासून होणारी झीज, असू शकतं. आणि जाड एक्स्ट्रुजनची (साच्यातून दाबून काढलेल्या पट्टीची) कड फुगून पापुद्रे सुटायला लागले तर ते एक्सफोलिएशन, यात धातू कणांच्या सीमांवरून आतून पोखरलेला असतो. तिथे पॉलिश करत बसू नका, विमान उभं करा आणि स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल उघडा.

बोअरच्या पाण्यानं आणि कपड्यांच्या पावडरनं धुणं

खारपाणपट्टा वऱ्हाडात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आपल्याकडेही पुष्कळ बोअरचं पाणी जड असतं. गीझरचा रॉड काढून बघा, किती थर बसतो ते. त्या पाण्यानं विमान धुतलं आणि उन्हात वाळू दिलं की पाणी उडून जातं, क्षार सांध्यात राहतात. कपड्यांची पावडर अल्कधर्मी, अ‍ॅल्युमिनियमला ती चालत नाही. विमानासाठी मान्य असलेला सौम्य क्लीनर वापरा, शेवटचं पाणी शक्य तितकं मऊ घ्या आणि धुतल्यावर फडक्यानं टिपा. प्रेशर वॉशर बेअरिंग आणि बिजागऱ्यांवर मारू नका. ग्रीस बाहेर येतं, पाणी आत जातं. धुऊन झालं की ग्रीसिंग करायचंच.

आता बेलीखाली, म्हणजे विमानाच्या पोटाखाली, आडवे होऊन बघा. ड्रेन होल, म्हणजे पाणी निघायचं भोक, सापडतं का? काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून तिथे असा लगदा बसतो की भोक स्किनच्याच रंगाचं दिसतं. प्लॅस्टिकची किंवा लाकडी काडी हलकेच घाला. तार नको, ओरखडा पडतो. आधी चिखल येतो, मग पाण्याची धार. हे पाणी गेल्या पावसापासून आत असू शकतं, आणि त्याच्या वर केबिनचं इन्सुलेशन ओल्या स्पंजासारखं धातूला चिकटलेलं असतं.

उंदीर आणि पारवे

मॅन्युअलात यावर फारसं सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. धावपट्टीच्या आजूबाजूला शेतं. पीक निघालं की उंदीर हँगरकडे वळतात आणि पंखात, शेपटीच्या टोकात घरटी करतात. उंदराचं मूत्र अ‍ॅल्युमिनियमला फार वाईट. घरट्यातल्या कापसाच्या बोळ्यात ते मुरतं आणि स्किनला महिनोन्‌महिने टेकून राहतं. वास आला, लेंडी दिसली, की इन्स्पेक्शन पॅनेल उघडून आरसा आणि टॉर्चनं बघा. नुसतं घरटं काढून भागत नाही, ती जागा धुऊन खालचा प्रायमर तपासा. छताच्या कैचीवर बसणाऱ्या पारव्यांच्या विष्ठेचंही तेच, दिसली त्या दिवशी धुवा.

हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू

पॅनेलचा स्क्रू हरवला, बाजारातून सारखा दिसणारा आणला. पहिली गोष्ट, तो मंजूर पार्टच नाही. दुसरी गोष्ट धातूची: दोन वेगळे धातू, मध्ये ओल, की त्यांची बॅटरी होते आणि झिजतं अ‍ॅल्युमिनियम. विमानाच्या स्टील हार्डवेअरवर कॅडमियमचा मुलामा असतो तो याचसाठी. कॅडमियम या बाबतीत अ‍ॅल्युमिनियमच्या जवळचं आहे.

हीच चूक साफसफाईत होते. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचा तारेचा ब्रश, स्टील वूल किंवा एमरी पेपर चालवू नका. त्यांचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कण नवं गंजकेंद्र होतो. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर किंवा नायलॉन पॅड वापरा. गंज पूर्ण काढा, उरलेली जाडी मोजा, मर्यादेत असेल तरच कन्व्हर्जन कोटिंग (धातूवरचा रासायनिक संरक्षक थर), मग प्रायमर, मग रंग. थोडा गंज ठेवून वर रंग मारणं हे सगळ्यात महागात पडतं, कारण पुढे तो दिसायचा बंद होतो.

दोन पत्रे जिथे एकावर एक येतात तिथे हे आणखी अवघड. 28 एप्रिल 1988 ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर 24,000 फुटांवर सुमारे 18 फूट लांबीभर उडालं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. लॅप जॉइंटचं, म्हणजे अशा एकावर एक पत्र्यांच्या सांध्याचं, चिकटवण सुटलं होतं, फटीत गंज धरला होता, आणि 89,680 उड्डाणांनी रिव्हेटांच्या ओळीत थकव्याच्या बारीक भेगा पाडल्या होत्या. आपली ट्रेनर विमानं प्रेशराइज्ड (आत हवेचा दाब राखलेली) नसतात, त्यामुळे तसंच होईल असं नाही. पण फटीतला गंज तसाच वागतो. सांध्याजवळ पत्रा रिव्हेटांच्या मध्ये उशीसारखा फुगला असेल, तर आत गंज जागा मागतोय असं समजा.

पावसाळ्यात इंजिन "गरम करून ठेवणं"

ही चूक चांगल्या हेतूनं होते. ढग खाली, उड्डाण बंद, मग चार दिवसांआड दहा मिनिटं इंजिन चालवायचं. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो, तेल तिथून आधी उतरतं आणि कॅमचे लोब (त्यावरचे उंचवटे) उघडे पडतात. ज्वलनातून पाण्याची वाफ तेलात जाते. ती उडून जायला तेल किमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापून उड्डाणात तिथे सलग तासभर राहायला हवं. जमिनीवरच्या दहा मिनिटांत ते होत नाही, उलट पाणी आणि आम्ल तेवढं वाढतं. हातानं प्रॉपेलर फिरवून ठेवण्याचाही उपयोग नाही. लोबवरचा उरलासुरला थर पुसला जातो. कंपनीनंच दोन्ही गोष्टींना नको म्हटलंय. एकतर नीट उड्डाण करा, नाहीतर प्रिझर्व्हेशन ऑइल, डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग आणि झाकणं अशी पद्धतशीर साठवण करा.

राहिलेल्या जागा

बॅटरीच्या पेटीखाली बघा. लेड-अ‍ॅसिड सांडलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं निष्क्रिय करून भरपूर धुवा. सेसनाच्या स्प्रिंग स्टीलच्या लँडिंग गिअर लेगवर रंगाचा टवका उडाला तर त्याच आठवड्यात रंगवा, कारण तिथला एक खड्डा पुढे भेगेची सुरुवात होतो. त्यावर बाजारातलं गंज काढायचं अ‍ॅसिड लावू नका. उच्च ताकदीच्या स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. कंट्रोल केबल सैल करून वाकवून बघा, तारा बाहेरून चकचकीत आणि आत तपकिरी निघाल्या तर केबल बदला. आणि सापडलेल्या प्रत्येक डागाची जागा, मोजमाप आणि फोटो लॉगमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या तपासणीला तो वाढला की तिथेच आहे हे कळेल.