ट्रकच्या इंजिनात टिकटिक येते? हेड खोलायच्या आधी हे बघा

"मिस्त्री, इंजिनातून टिकटिक यायलीय." जालन्याहून सळई भरून सोलापूरला निघालेला केजचा एक ड्रायव्हर अंबड चौफुलीला गाडी लावून सांगत होता. मी विचारलं, थंड इंजिनात येते का गरम झाल्यावर? "ते काय बघितलं नाही बा."

इथंच निम्मा घोळ होतो. आवाज कसा आहे हे सगळे तोंडानं करून दाखवतात, पण कधी येतो हे कुणी सांगत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की गाडी रात्रभर उभी राहू द्यायची आणि सकाळचा पहिला स्टार्ट स्वतः ऐकायचा. सकाळी येऊन इंजिन तापल्यावर गेला, तर संशय सायलेन्सरकडच्या मेनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेतो तो भाग) पॅकिंगवर किंवा पिस्टनवर. थंडीत गप्प आणि ऑइल तापून पातळ झालं की सुरू, तर खाली मेटलकडं, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगकडं बघावं लागतं.

त्याच्याही आधी डीपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, मग काढायची. लेव्हल कमी असेल तर वरच्या रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, ऑइल नीट पोचत नाही आणि टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतात. लेव्हल वाढलेली दिसली तर खुश होऊ नका. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) नाहीतर डिझेल पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल प्रेशरचा काटा खाली असेल तर गाडी तिथंच बंद करा, पुढचं काही ऐकत बसू नका.

आता ऐकायचं कसं. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, फॅन आणि बेल्ट कुणाची वाट बघत नाहीत. लांब पेचकस घ्या, टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हर, एकेक नोझल, पंप, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर, मग खाली ब्लॉकच्या कडेनं चेंबरपर्यंत (ऑइल साठतं ते खालचं भांडं) या. जिथं आवाज सगळ्यात टोकदार लागतो, तिथं खडूनं खूण मारून ठेवा.

ठेकाही मोजता येतो. इंजिन स्लोला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला १० वेळा फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्या निम्मा, म्हणजे ५ वेळा. एक टॅपेट किंवा एक नोझल वाजत असेल तर दहा सेकंदांत ५० टिकटिक भरतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून हळू चालवलं की मोजता येतात. मेटलचा आवाज बहुतेकदा क्रँकच्या ठेक्यावर असतो, म्हणजे दुप्पट, आणि त्याला मी टिकटिक म्हणत नाही. तो ठकठक असतो, जड.

टॅपेट का नोझल, हा मात्र खरा पेच. जुन्या लाइन पंपाच्या गाडीत, जिथं पंपच प्रत्येक नोझलला वेगळ्या पाइपातून डिझेल ढकलतो, उपाय सोपा आहे. इंजिन स्लोला ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा, तेवढा सिलिंडर बंद पडतो. आवाज तसाच राहिला तर टॅपेट. आवाज गेला किंवा दबला तर त्याच सिलिंडरचा नोझल, पिस्टन किंवा मेटल. पण कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या गाडीत, हे चुकूनही करू नका. तिथं पाइपात १००० बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या आल्या तर मी स्कॅनर लावूनच सिलिंडर बंद करतो. त्यांचे नोझल शिलाई मशीनसारखे थोडे वाजतातच, त्याला दुखणं समजू नका.

टॅपेट निघाला तर थंड इंजिनात फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करा. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप प्रत्येक इंजिनाचा वेगळा. कमिन्सच्या जुन्या ५.९ लिटर बारा व्हॉल्व्हच्या इंजिनला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर, पण तोच आकडा दुसऱ्या गाडीला लावला तर व्हॉल्व्ह जळेल. सहा सिलिंडरमध्ये १-६, २-५, ३-४ अशा जोड्या. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले की एक नंबर सेट करायचा. सेट करूनही आठवड्यात परत वाजला तर पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी सळई) वाकलाय का, रॉकर झिजलाय का ते बघा. नुसतं आवळत बसू नका.

माझी फजिती सांगतो. नवा असताना एका गाडीचे टॅपेट तीनदा सेट केले, मग चेंबरही उतरवला. उस्ताद जेवून आले, हवेची टाकी भरू दिली, आणि टाकी भरताच टिकटिक बंद! एअर कॉम्प्रेसर वाजत होता. तेव्हापासून टाकी भरायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ऐकल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

केजवाल्याचं काय निघालं? सकाळी थंड इंजिनात फट्-फट् मिसळलेली टिकटिक, मेनिफोल्डच्या तिसऱ्या तोंडाशी काजळी. एक बोल्ट तुटलेला. पॅकिंग बदललं, दुपारी गाडी गेली.

मात्र आवाज जड असेल, रेस सोडल्यावर ठक् करत असेल, लोडला वाढत असेल, तर एवढा मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला परत येऊ, असं म्हणू नका. मेटल सुटलं की कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिन बंद करा, जिथं आहात तिथून टोचन करून आणा.