भरलेला फ्रेंच टोस्ट: सारण आत राहावं म्हणून

यात निम्मं काम पावाचं. अख्खा, न कापलेला ब्रेड घ्या, तोही आदल्या दिवशीचा, आणि ४ सेंटीमीटर जाडीचे ४ काप करा. आयते पातळ स्लाइस दुधात बुडाले की लगदा होतो. कापाच्या एका कडेतून टोकदार सुरी आत घालून खिसा करा. बाकीच्या तिन्ही कडा शाबूत हव्यात.

सारणाला १०० ग्रॅम क्रीम चीज, १ मोठा चमचा पिठीसाखर, २ चमचे घट्ट जॅम. ताजी रसाळ फळं आत नकोत, त्यांना पाणी सुटतं. ती वरून घाला. प्रत्येक खिशात दीड चमचाच भरा आणि तोंड बोटाने दाबून बंद करा. इथे हावरटपणा केला की सारण तव्यावर येऊन करपतं.

३ अंडी, २०० मिली दूध, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ फेटून गाळून घ्या. न गाळल्यास टोस्टवर ऑम्लेटसारखे पांढरे चट्टे उठतात. प्रत्येक बाजू ४०-४५ सेकंद भिजवा.

नुसतं लोणी लवकर जळतं, म्हणून त्यात थोडं तेल घाला. मंद-मध्यम आचेवर दोन्ही बाजू ४-४ मिनिटं भाजा, मग चिमट्याने उभे धरून कडाही. मध्यभागी दाबल्यावर ओल वर आली तर आत अंडं कच्चं आहे: आच वाढवू नका, १८० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ५-६ मिनिटं ठेवा.